खुनी कोण ते पान वीसवरच!

ऑफिसात कॉफी मशीनपाशी कोणी विचारलं, ‘सध्या काय वाचतेयस?’ की आपण काय उत्तर देतो? मुराकामी. हरारी. अगदीच घाई असेल तर ‘अ‍ॅटॉमिक हॅबिट्स’. छाती ठोकून ‘गुरुनाथ नाईक’ असं कोणी सांगितल्याचं निदान माझ्या ऐकिवात नाही. आणि तीच सगळी मंडळी शुक्रवारी रात्री पाठीशी उशी घेऊन खुनाची सीरिज बघत पहाटे तीनपर्यंत टक्क जागी! खून बघायला चालतो, वाचायला चालत नाही. हा काय फंडा आहे, बॉस?

ऑफिसात याचं उत्तर मिळालं नाही. मिळालं ते यवतमाळ जिल्ह्यात. मामेभावाच्या लग्नाला दारव्ह्याकडे गेले होते. लग्न तीन दिवसांत आटपलं, मग चार दिवस माझ्याकडे काहीच काम नव्हतं, आणि नेटवर्क म्हणाल तर गच्चीच्या एकाच कोपऱ्यात. मामा म्हणाले, ‘‘चाल, तुले आमचं वाचनालय दाखवतो.’’

मामा म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतले रिटायर्ड गुरुजी. वाचनालय म्हणजे दोन खोल्या, पाच लोखंडी कपाटं, एक ट्यूबलाइट. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, तेव्हापासून गावोगावी अशी अनुदानावरची वाचनालयं आहेत. त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि वर्गाप्रमाणे पैसे मिळतात. इथलं ‘क’मध्ये. ग्रंथपाल काकांनी कपाटं उघडली आणि मला पहिल्याच नजरेत वाचकांचा कौल कळला. मोठमोठ्या पुरस्कारांची पुस्तकं कशी, कोरी करकरीत! पान उलटलं की नव्या कागदाचा वास. कोपऱ्यातलं पाचवं कपाट मात्र युद्धावरून परत आल्यासारखं. तीन-तीनदा बाइंडिंग केलेलं, कडा खाल्लेल्या, वर खाकी कागद, खळीचा वास. अर्नाळकर, नाईक, शिरवळकर, धारप, मतकरी. शिवाय कव्हरं गेलेले ‘धनंजय’चे दिवाळी अंक.

खरी गंमत आत होती. मी एक पुस्तक सहज उघडलं. (नाव सांगत नाही. तुम्ही कधी वाचलंत तर विचका नको.) पान वीसवर समासात निळ्या शाईत लिहिलं होतं: ‘खुनी = मॅनेजर’. त्याखाली दुसऱ्या अक्षरात, पेन्सिलीनं: ‘नालायका, का सांगितलं?’ आणि त्याखाली तिसऱ्या, शांत, गोलसर अक्षरात: ‘खोटं आहे. पुढे वाचा.’

मी पुस्तक घरी नेलं आणि रात्री संपवलं. खुनी मॅनेजर नव्हताच! आता मला सांगा, हा पहिला इसम कोण असेल? वाचनच न करता अंदाज ठोकणारा? की मुद्दाम चकवा देणारा, म्हणजे स्वतःच एक छोटा रहस्यलेखक? मामांचं मत दुसरं. ते म्हणाले, ‘‘त्यानं पुस्तक अर्धंच वाचलं असन. मागची पानं फाटली होती तवा. काकांनी नंतर दुसऱ्या प्रतीतून लावली.’’ यालाच म्हणतात तपास!

त्यानंतर मी दोन दिवस ते कपाटच वाचत बसले. कादंबऱ्या कमी, शेरे जास्त. शेवटच्या कोऱ्या पानावर तर रीतसर निकाल लागलेले असतात. ‘एकदम झकास.’ ‘बोगस. वेळ वाया.’ ‘शेवट समजला नाही, कोणी सांगेल काय?’ आणि त्याखाली कोणीतरी सात-आठ ओळींत खरंच समजावून सांगितलंय, आकृती काढून! एकानं हिरोनं किती सिगारेटी ओढल्या ते प्रत्येक धड्याशेवटी मोजून ठेवलंय. एका भयकथेच्या मध्यावर फक्त एवढंच: ‘रात्री वाचू नये. लाइट गेली.’ काका पूर्वी हे शेरे खोडरबरानं पुसायचे. आता नाही पुसत. म्हणाले, लोक पुस्तक परत करताना एकमेकांचे शेरे वाचायला तिथंच उभे राहतात, तेवढंच वाचनालय भरल्यासारखं वाटतं.

आता या कपाटातल्या मंडळींविषयी थोडंसं, कारण आपल्यातले बरेच जण यांची नावं फक्त आईबाबांच्या तोंडून ऐकलेले आहेत. बाबूराव अर्नाळकर (१९०६ ते १९९६) यांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. काळापहाड आणि झुंजार ही त्यांची पोरं. गुरुनाथ नाईक, कॅप्टन दीपवाले, तेही हजाराच्या पुढे गेले. ते २०२१ मध्ये वारले. सुहास शिरवळकर आपल्या पिढीला ‘दुनियादारी’मुळे माहीत, तेही २०१३ च्या सिनेमामुळे. पण त्यांचे दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास ही एक वेगळीच गॅंग आहे. आणि नारायण धारप. २०१८ च्या ‘तुंबाड’मध्ये त्यांची सावली दिसते असं सगळे म्हणतात, त्यांच्या ‘लुचाई’मागे स्टीफन किंगची सावली आहे हेही सगळे म्हणतात. सावल्यांचाच धंदा तो!

मामांचं पहिलं प्रेम अर्नाळकर. शाळा यवतमाळकडे आणि घर दारव्ह्याकडे असल्यामुळे ते बरीच वर्षं शकुंतलेनं जा-ये करायचे. यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी ती छोट्या रुळांची गाडी, दारव्ह्यावरून जाणारी. आता बंद आहे. चालायची तेव्हाही इतकी निवांत की पोट्टे उतरून बोरं तोडून पुन्हा चढायचे म्हणे. मामा अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाहीत. ‘‘जातानी एक झुंजार, येतानी एक काळापहाड,’’ असं सांगतात. पुस्तकाला मात्र वर्तमानपत्राचं कव्हर. का? तर गुरुजीच्या हातात असलं पुस्तक मुलांना दिसू नये म्हणून. शेजारच्या बाकावर तहसीलातले कारकून बसायचे, त्यांच्याही पुस्तकाला कव्हर. तीन महिन्यांनी दोघांना कळलं की दोघंही एकाच वाचनालयातून एकच मालिका आळीपाळीनं नेताहेत!

मग मी विचारलं, मामा, लाज कसली वाटायची? तर मामा एकदम गरम झाले. ‘‘लाज मले नाई वाटायची. लाज त्याईले वाटायची जे संमेलनं भरवतात.’’ आता मामांचा मुद्दा असा. अखिल भारतीय साहित्य संमेलन यवतमाळात दोनदा झालं. १९७३ मध्ये गदिमा अध्यक्ष, २०१९ मध्ये अरुणा ढेरे. मामा दोन्ही वेळी मांडवात होते. पहिल्या वेळी कॉलेजात, दुसऱ्या वेळी गुडघ्याला पट्टा बांधून. त्यांचं म्हणणं, आजवरच्या अध्यक्षांच्या यादीत अर्नाळकर दाखव, नाईक दाखव, धारप दाखव, शिरवळकर दाखव. एकही नाही. ‘‘लोकाईले वाचाले शिकवलं कोणी? आमच्या गावात तं झुंजारनं शिकवलं.’’

मी मान डोलावली खरी, पण मामांशी शंभर टक्के सहमत नाही. हजार पुस्तकं लिहिली की त्यातली बरीचशी घाईची निघणारच, आणि ती तशी आहेत. एकाच आठवड्यात मी सहा वाचली. चारांत बाई एक तर नागीण, नाही तर बेशुद्ध. बऱ्याच गोष्टींचं मूळ इंग्रजीत आहे हे लपत नाही. परळच्या चाळीत राहणारा माणूस लायब्ररीतल्या शेकोटीपुढे बसतो! पण गंमत म्हणजे हे सगळं मी सांगायच्या आधीच समासात लिहिलेलं आहे. त्या शेकोटीच्या वाक्याला कोणीतरी गोल करून विचारलंय: ‘मुंबईत? मे महिन्यात?’ आपण समजतो तसा हा वाचक भाबडा नाही. तो पुस्तक डोळ्यांत तेल घालून वाचतो, लेखकाला धरतो आणि तरी पुढचं पुस्तक नेतो.

मामांचे स्वतःचे नियमही आहेत, तोंडपाठ. खुनी पहिल्या पन्नास पानांत भेटलाच पाहिजे, शेवटी नवाच माणूस आणायचा नाही. जुळा भाऊ काढायचा असेल तर आधी सांगा. भुयार एकच, दुसरं काढलं की पुस्तक परत. हिरोला स्वप्न पडून उत्तर सापडता कामा नये. आणि हो, कोणाला माहीत नसलेलं विष वापरायचं नाही.

हे ऐकून मी चाट! कारण रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका इंग्लिश पाद्रीबुवांनी, जे स्वतः रहस्यकथा लिहायचे, १९२९ मध्ये अशा कथांसाठी दहा नियम केले होते. त्यात गुन्हेगार सुरुवातीलाच आला पाहिजे हा नियम आहे, जुळ्या भावाचा आहे, एकाहून जास्त गुप्त वाटा नकोत हा आहे, आणि अज्ञात विषाचाही आहे. मामांनी नॉक्सचं नाव ऐकलेलं नाही. दारव्हा ते यवतमाळ हजारदा फसवून घेतल्यावर माणूस स्वतःच तिथं पोचतो. (तीन वर्षांपूर्वी अगाथा ख्रिस्ती सगळ्यांनी मुकाट्यानं पाळलेला एक नियम मोडून बसली होती, ‘रॉजर अ‍ॅक्रॉइड’मध्ये, १९२६ ला. कोणता ते सांगितलं तर पान वीसवाला मी ठरेन.)

पण विषाच्या नियमावर वाचनालयात भांडण झालं. तिथं एक तिशीतला वाचक येतो, दहावी झालेला. पावसाळ्यात रोजानं फवारणीला जातो, उरलेले महिने मिळेल ते काम. धारप त्याला आवडत नाहीत. ‘‘भुताचं टेन्शन नाई येत.’’ त्याला हवा रोखठोक खून आणि तपास. तो म्हणाला, अज्ञात विष सोडा, माहीत असलेलं विषही या लेखकांना लिहिता येत नाही. ‘‘हे लोक कपात दोन थेंब टाकतात, माणूस घोट घेतो, छातीवर हात ठेवतो, अन् मरता मरता खुन्याचं नाव सांगते. असं असते का?’’

खोली जरा शांत झाली. यवतमाळात हा प्रश्न पुस्तकातला नाही. २०१७ च्या पावसाळ्यात या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि मजूर विषबाधेनं दवाखान्यात दाखल झाले. वीसहून जास्त माणसं गेली. उलट्या, धाप, डोळ्यांना दिसेनासं होणं. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, फवारा तोंडावर यायचा. सरकारनं विशेष तपास पथक नेमलं. मग दोष कोणाचा यावर बोटं फिरत राहिली. मास्क न घालणाऱ्या मजुराकडे, दोन औषधं एकत्र करायला सांगणाऱ्या दुकानदाराकडे, कंपनीकडे, कृषी खात्याकडे. काही जणांचे दावे तर थेट स्वित्झर्लंडमध्ये, बासेलच्या कोर्टापर्यंत गेले. कंपनीनं जबाबदारी नाकारली.

तो त्या वर्षी अकरा दिवस भरती होता. एवढं सांगितलं त्यानं, जास्त नाही. मी विचारलं, मग तुला खुनाचीच पुस्तकं कशी काय वाचवतात? मला वाटलं होतं तो खांदे उडवेल. तो म्हणाला, ‘‘यात शेवटी नाव सांगतात ना ताई. सगळ्याईले एका खोलीत बसवतात अन् नाव सांगतात. म्हणून वाचतो.’’

पुण्यात रहस्यकथेवर मी बऱ्याच चर्चा ऐकल्यात, त्यातल्या एका परिसंवादात तर चहासकट तीन तास बसलेय. असं उत्तर कुठं मिळालं नाही. आपण एसीत बसून ‘ओपन एंडिंग’वर फिदा असतो. शेवट सांगितलाच नाही की आपल्याला भारी वाटतं. तिथं त्या कपाटातल्या ओपन एंडिंगवाल्या पुस्तकांवरचे शेरे बघा. एका नव्या, बऱ्यापैकी नाव झालेल्या कादंबरीच्या शेवटच्या पानावर लाल पेनानं: ‘हे आम्हाला घरीच मिळते.’

धारपांचे भक्त याच्या विरुद्ध पार्टीतले. त्यात माझा मामेभाऊ येतो, म्हणजे नवरदेव. त्याचं म्हणणं, उत्तर मिळालं की भीती संपते, आणि पैसे भीतीचे असतात. धारपांचा समर्थ येऊन सगळं निस्तरतो ते त्याला मुळीच आवडत नाही. मतकरी त्याला जास्त जवळचे, कारण त्यांच्या गूढकथांत भूत बहुतेक वेळा शेजारच्या खोलीतल्या माणसासारखंच वागतं. त्यानं हे मला हळदीच्या अंगानं, मंडपात उभं राहून समजावलं. त्याची आणखी एक तक्रार होती आणि ती मला एकदम पटली. सगळे खून मुंबईतच का? नाही तर पुण्यात, नाही तर कोकणातल्या वाड्यात. विदर्भात काही घडतच नाही का?

‘‘घडत नाही कसं, अवनी विसरली का?’’ असं म्हणून त्यानं जे सुरू केलं, ते मंडपवाल्यांनी खुर्च्या उचलेपर्यंत चाललं. अवनी म्हणजे टी-१ वाघीण. पांढरकवडा-राळेगावच्या जंगलपट्ट्यात दोनेक वर्षांत तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर लागले. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घातली. मागे दोन बछडे. आणि मग सगळा जिल्हा डिटेक्टिव्ह झाला! बेशुद्ध करायचं इंजेक्शन गोळीच्या आधी लागलं की नंतर टोचलं? ती अंगावर येत होती की पाठ फिरवून होती? शवविच्छेदनानंतर हे प्रश्न पेपरांत आले, चौकशीतही आले. मामेभावाच्या मते ज्यांनी आयुष्यभर नाईक आणि शिरवळकर वाचले, त्यांनीच पानटपरीवर सगळ्यात नेमके प्रश्न विचारले. बाकीचे नुसते ‘बिचारी’ आणि ‘बरं झालं’ एवढ्यावरच होते. तेरापैकी एखाद्या घरातला माणूस समोर बसला असेल तर मात्र टपरीवरचा तपास बंद व्हायचा, हेही त्यानं सांगितलं. २०२१ मध्ये आलेला विद्या बालनचा ‘शेरनी’ बघताना सगळ्यांना हेच प्रकरण आठवलं. पण मराठीत, राळेगावच्या मातीतली, जिनिंगच्या आवारात सुरू होणारी थ्रिलर? त्याची ऑर्डर ग्रंथपाल काकांकडे आधीच नोंदवलेली आहे. लेखक तेवढा मिळायचाय.

मामींचं मत कोणी विचारलं नव्हतं. मी विचारलं. मामी घरात सगळ्यात जास्त रहस्यकथा वाचतात, हे मामांनाही नीट माहीत नव्हतं, कारण त्या दुपारी वाचतात. पुस्तक हातात आलं की मामी आधी शेवटची चार पानं वाचतात आणि मग पहिल्यापासून सुरुवात! मी कळवळून म्हटलं, अहो मामी, मग मजा काय राहिली? मामी शांतपणे शेंगा सोलत म्हणाल्या, ‘‘मले कोणी मारलं ते नाई पाहा लागत. कोण जित्तं राह्यलं ते पाहतो. लहान लेकरू मेलं असन तं मी पुस्तक घेतच नाई.’’ एकदा खात्री पटली की मामी निवांत. मग खुनी कसा चुकतो, पोलीस कुठं फसतात, लेखकानं धागा कुठं लपवलाय, हे सगळं त्या बारकाईनं बघतात. अशी वाचणारी मामी एकटीच नाही, काकांच्या म्हणण्यानुसार बायकांमध्ये ही पद्धत बरीच आहे. म्हणूनच या कपाटातली शेवटची पानं आधी सुटतात.

आणि सुटलेलं शेवटचं पान हा काकांचा खरा ताप आहे. नवी आवृत्ती मिळत नाही, अनुदान तुटपुंजं, आणि जुनी पॉकेटबुकं रद्दीत सापडली तर सापडली. त्यांनी एक वही केलीय. ज्या पुस्तकाचा शेवट हरवला, त्याचा शेवट आठवेल त्या वाचकानं त्या वहीत लिहायचा, खाली सही करायची. चौदा शेवट लिहून झालेत. त्यातले दोन एकाच पुस्तकाचे आहेत आणि खुनी वेगवेगळे आहेत! दोन्ही सह्या करणारे रोज संध्याकाळी तिथं येतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत.

तर मंडळी, या वीकेंडला आईबाबांच्या माळ्यावरची ट्रंक उघडून बघाच. नाईक, शिरवळकर, धारप, काहीही मिळेल. पिवळं पडलेलं असलं तरी चालेल. वाचा, कव्हर न घालता लोकलमध्ये किंवा ऑफिसच्या कॅबमध्ये वाचा, आणि मग गावाकडच्या एखाद्या वाचनालयाला देऊन टाका. समासात काय हवं ते लिहा, फक्त पान वीसवर नको. आणि देण्याआधी शेवटचं पान जागेवर आहे ना, तेवढं बघा.